ऐकण्यापूर्वीचा निकाल

गेल्या उपवासकाळात आमच्या भांडुपच्या धर्मग्रामातील तरुणांच्या बायबल अभ्यासवर्गात संत याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचून झाला, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "फादर, पूर्वग्रह हे पाप आहे का? की नुसता स्वभावदोष?" प्रश्न सरळ होता. वर्ग उत्तराची वाट पाहत होता आणि आम्हांस उत्तर सुचेना. मूळ ग्रीक शब्द पाहून पुढच्या आठवड्यात सांगतो, असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. धर्मगुरूंची ही जुनी पळवाट आहे. अडचणीच्या वेळी मूळ ग्रीक फार उपयोगी पडते. परंतु त्या आठवड्यात सेमिनरीच्या दिवसांतील कोश खरोखरच उघडून बसलो आणि त्यातील शब्दांनी आमचीच झडती घेतली.

पहिली गोष्ट अशी की, आपण ज्यास 'पूर्वग्रह' म्हणतो त्यासाठी प्राचीन ग्रीकांपाशी एकच एक शब्द नव्हता. अनेक होते, आणि प्रत्येकाचे घर निराळे. एक तत्त्वज्ञाच्या बागेतला, दुसरा न्यायालयातला, तिसरा यहुदी धर्मशास्त्राच्या भाषांतरातून आलेला, चौथा चव्हाट्यावरचा. आपण या साऱ्यांस एकाच पोत्यात भरले आहे आणि म्हणूनच पाप की स्वभावदोष हा प्रश्न सुटत नाही.

बागेतला शब्द 'प्रोलेप्सिस'. एपिक्युरस (इ.स.पू. ३४१–२७०) अथेन्समध्ये आपल्या बागेत शिष्यांना शिकवीत असे, या शब्दास तात्त्विक अर्थ प्रथम त्यानेच दिला, असे सिसेरो नोंदवितो. 'प्रो' म्हणजे आधी आणि 'लेप्सिस' म्हणजे घेणे, धरणे. पूर्व आणि ग्रह! आपल्या मराठी शब्दाची घडण हुबेहूब हीच. मात्र एपिक्युरसच्या लेखी हा दोष नव्हता, ज्ञानाची पहिली पायरी होती. दूर उभे आहे ते जनावर घोडा की बैल, असा नुसता प्रश्न पडण्यासाठीसुद्धा घोड्याची आणि बैलाची आकृती आधी मनात असावी लागते. भांडुप स्थानकाच्या पुलावर उभे राहून, लांबून येणारी गाडी धिमी की जलद हे आपण ती कोणत्या रुळावर आहे यावरून ठरवितो, ते याच आधी घेतलेल्या ज्ञानाच्या बळावर. हे ज्ञान काढून घेतले तर माणूस पुलावरच उभा राहील.

गुलामगिरीतून मुक्त झालेला स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याने यापुढची गोष्ट सांगितली आहे. अशा मूळ कल्पना सर्व माणसांत सारख्याच असतात, असे तो म्हणतो. जे पवित्र ते सर्वांहून श्रेष्ठ मानावे, याविषयी यहुदी, सिरियन, इजिप्शियन आणि रोमन यांच्यात वाद नाही. वाद पेटतो तो डुकराचे मांस खाणे हे पवित्र की अपवित्र या एका मुद्द्यावर. म्हणजे भांडण कल्पनेत नसून ती नेमक्या कृतीला वा नेमक्या माणसाला लावण्यात आहे. ताटात काय आहे यावरून माणसे जिवानिशी गेल्याच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या पिढीस हे अधिक फोड करून सांगावयास नको. विसाव्या शतकात गाडामेर या जर्मन तत्त्वचिंतकाने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पूर्वग्रहांची अशीच बाजू घेतली: आधीच्या समजुती घेतल्यावाचून कोणी काहीच समजू शकत नाही. तो ग्रंथ आम्हांस अर्धाच पेलला. पण एवढे पटले, की मनात काही धरून येणे हे पाप असेल तर मनुष्य असणे हेच पाप ठरेल.

न्यायालयातला शब्द 'प्रोक्रिमा'. 'क्रिमा' म्हणजे निवाडा. येथे 'आधी घेणे' संपले आणि 'आधी निकाल देणे' सुरू झाले. अवघ्या नव्या करारात हा शब्द एकदाच येतो, तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात. (ते पत्र खुद्द संत पौलाचे की त्याच्या शिष्यपरंपरेतले, याविषयी पंडितांत मतभेद आहेत, आज्ञेचे वजन त्याने कमी होत नाही.) ख्रिस्तसभेतील वडिलांवर आरोप आला तर दोन-तीन साक्षीदारांवाचून तो दाखल करून घेऊ नये, सिद्ध झाला तर सर्वांसमक्ष दोष दाखवावा, आणि हे सारे प्रोक्रिमा टाळून करावे, असा तेथील आदेश आहे. त्याला जोडूनच 'प्रोसक्लिसिस' हा शब्द येतो; एका अंगाला कलणे, तराजूचे एक पारडे झुकणे. आपला 'पक्षपात' त्याचा सख्खा भाऊ शोभावा. ही आज्ञा सामान्य भाविकांना दिलेली नाही, सभेचा कारभार पाहणाऱ्याला दिलेली आहे. सोप्या शब्दांत, आमच्यासारख्याला.

अथेन्सच्या न्यायपंचांना जी शपथ घ्यावी लागे तिच्यात एक कलम असे होते, की वादी आणि प्रतिवादी या दोघांचेही मी सारखेच ऐकून घेईन. शहाणा निकाल देईन, अशी हमी मनुष्य देऊ शकत नाही. आधी ऐकून घेईन, अशी हमी मात्र देऊ शकतो. आमच्या मते 'प्रोक्रिमा' या शब्दाचे मर्म येथेच आहे. त्याचा दोष निकाल चुकण्यात नाही. क्रम चुकण्यात आहे. निकाल आधी आणि ऐकणे नंतर, किंवा ऐकणे कधीच नाही. असा निकाल पुढे खरा ठरला तरी तो प्रोक्रिमाच.

तिसरा शब्द जिभेला जड आहे: 'प्रोसोपोलेम्प्सिआ'. अभ्यासवर्गातील मुलांनी तो तीनदा म्हणून पाहिला आणि तिन्ही वेळा ती हसली. 'प्रोसोपोन' म्हणजे चेहरा. नाटकातील मुखवट्यासही हाच शब्द, आणि पुढे पवित्र त्रैक्यातील 'व्यक्ती'साठीही ख्रिस्तसभेने हाच स्वीकारला. हिब्रू भाषेत कृपा करण्यास 'तोंड वर उचलणे' म्हणत. धन्यापुढे वाकलेल्याचे तोंड धन्याने वर उचलले म्हणजे त्याचे काम झाले. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरकारांनी त्याचे 'चेहरा घेणे' असे शब्दशः रूपांतर केले आणि नव्या कराराच्या लेखकांनी त्यावरून हा जोडशब्द वापरात आणला. मराठीत आपण 'तोंड पाहून वागणे' म्हणतो. याकोबाने चित्रच उभे केले आहे: प्रार्थनासभेत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य येतो, त्याला बसावयास चांगली जागा मिळते, मळक्या कपड्यांतला येतो, त्याला उभे राहावयास किंवा पायांशी बसावयास सांगितले जाते.

याकोबाचे हे चित्र भांडुपला आणून पाहावे. मुंबई ते ठाणे लोहमार्गाची कल्पना जॉर्ज क्लार्क या सरकारी अभियंत्यास १८४३ साली भांडुपच्या भेटीत सुचली, असे रेल्वेचा इतिहास सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी ती गाडी धावली. त्या रुळांनी आणि पुढे आग्रा रोडवरच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या, कारखान्यांनी कोकणातून, घाटावरून, मंगळूर आणि केरळातून माणसे येथे आणली. पश्चिमेच्या डोंगरउतारावर वस्ती चढत गेली. आमच्या मिस्सेच्या बाकांवर गोव्याचे, मंगळूरचे, ईस्ट इंडियन, मल्याळी आणि नगर-जालन्याकडचे भाविक शेजारी शेजारी बसतात. कोणी कोणास उठवीत नाही. याकोबाच्या काळातला तो उघडपणा आता राहिला नाही. पण मुंबईत मराठी मिस्सेचा उल्लेख 'घाटी लोकांची मिस्सा' असा होताना आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. डोंगरावरची मुले नोकरीच्या अर्जात पाड्याचे नाव गाळून नुसते 'भांडुप पश्चिम' लिहितात. आणि नगरकडचे स्थळ आले की "मूळचे कोण?" हा प्रश्न, आवाज जरा खाली आणून, विचारला जातो. बाप्तिस्म्याने ते 'मूळ' धुतले गेले असे आपण शिकवितो. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले. त्यात ख्रिस्तसभेत जातिभेद आहे याची कबुली आहे. त्या धोरणाच्या किती प्रती आमच्यासारख्यांच्या कपाटात न उघडता पडल्या आहेत, हे मोजण्याचे धाडस कोणी करू नये.

संत पेत्रासही हा चेहरा पार करावा लागला होता. यापो येथे दृष्टान्त पाहिल्यानंतर तो कैसरियास कर्नेल्य या रोमन शताधिपतीच्या घरी गेला, त्याचे म्हणणे त्याने ऐकून घेतले, आणि मग देव तोंड पाहणारा नाही हे आपणास आकळले असे तो बोलला. त्या वाक्यातील 'आकळणे' आणि 'तोंड पाहणारा' हे दोन्ही ग्रीक शब्द 'घेणे' या एकाच धातूचे आहेत. आपला बागेतला 'प्रोलेप्सिस'ही त्याचाच. आधी घेणे, चेहरा घेणे आणि पुरते घेणे. पेत्र एका घेण्यातून दुसऱ्यात गेला तो कर्नेल्याचा उंबरठा ओलांडून. यापोच्या गच्चीवर बसून तो गेला नसता. नथनेलाचेही तसेच. नासरेथातून काही चांगले निघेल यावर त्याचा विश्वास नव्हता आणि तसे तो तोंडावर बोलला. पण फिलिपाने चलून पाहावयास सांगितले तेव्हा तो गेला. प्रभूने त्याची निर्भर्त्सना केली नाही, उलट कपट नसलेला मनुष्य म्हणून त्याचा गौरव केला. नथनेलापाशी प्रोलेप्सिस होते, प्रोक्रिमा नव्हते.

चव्हाट्यावरचा शब्द 'दिआबोले'. मधे काहीतरी फेकणे, माणसामाणसांत बिब्बा घालणे, चहाडी. सैतानाचे 'दिआबोलोस' हे नाव याच शब्दातून आले. इ.स.पू. ३९९ मध्ये सत्तर वर्षांचा सॉक्रेटिस न्यायालयात उभा राहिला, तेव्हा समोरच्या फिर्यादींपेक्षा जुन्या, अदृश्य फिर्यादींची भीती आपणास अधिक वाटते, असे त्याने सांगितल्याचे प्लेटो लिहितो. तुम्ही लहान असताना त्यांनी तुमच्या कानांत माझ्याविषयी भरविले. त्यांची नावे ठाऊक नाहीत, एका विनोदी नाटककाराखेरीज. त्यांना साक्षीस बोलाविता येत नाही, उलटतपासणी घेता येत नाही. सावल्यांशी लढावे तसे हे आहे. आणि वर्षानुवर्षे मुरलेले हे किल्मिष काढावयास हाती एकच दिवस. तो दिवस त्यास पुरला नाही.

आपणा मराठी ख्रिस्ती लोकांस या सावल्या परक्या नाहीत. पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी पिणारे गावच्या गाव बाटले, ही कथा आपल्यापैकी कोणी लहानपणी ऐकली नाही? सांगणाऱ्याचे नाव कोणास ठाऊक नसते. विहिरीबाहेर ठेवणारा निवाडा कोणी दिला, हे मात्र त्या कथेत कोणी विचारीत नाही. उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा विरोधाचे दूरध्वनी आणि पत्रे सुरू झाली. 'सुवार्ता'चे संपादन, 'हरित वसई'चा लढा, साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेले 'सुबोध बायबल' यांपैकी कशाविषयीच ती तक्रार नव्हती. ती त्यांच्या झग्याविषयी होती. संमेलन झाले, भाषणही झाले. ज्यांनी ते ऐकले त्यांच्यापैकी पुष्कळांचे मत पालटले असावे; विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांनी ऐकले, हा प्रश्न उरतोच. २५ जुलै २०२४ रोजी फादर दिब्रिटो प्रभूकडे गेले.

इथवर लिहिणे सोपे होते. अन्याय आपणावर झाला म्हणजे ग्रीक शब्द भराभर सुचतात. आता आमच्या झडतीकडे वळतो.

चव्हाट्यावरची दिआबोले कधी कधी कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसते. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती साऱ्या देशावर पसरविली. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींत मूल जन्मास येताच ते गुन्हेगार जमातीचे ठरे. गुन्हा मागाहून घडो वा न घडो. पोलिसांकडे हजेरी, परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी, आणि सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहत. देशातील अशा काही वसाहतींचा कारभार मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनी, चांगल्या हेतूने, पाहिला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. पण कायद्याआधीही जी कुजबूज होती ती कायद्याबरोबर कशी जाणार? लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे १९८७ सालचे आत्मकथन आम्ही वाचले होते. एवढेच नव्हे, तर त्याचा दाखला देऊन एका रविवारी प्रवचनही केले होते आणि ते चांगले झाल्याचे लोक म्हणाले होते.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या कार्यालयातील टेबलाच्या खणातून एक पाकीट नाहीसे झाले. एका आजारी भाविकासाठी जमविलेले तीन हजार रुपये त्यात होते. त्या दुपारी कार्यालयात तिघे येऊन गेले होते: पॅरिश कौन्सिलचे एक सदस्य, फुले लावणाऱ्या एक बाई, आणि आमच्या सभागृहातील संध्याकाळच्या अभ्यासिकेत येणारा चौदा वर्षांचा एक मुलगा. त्याचे कुटुंब पारधी, रस्त्यालगत पाल टाकून राहणारे. तो वाचून झालेले पुस्तक परत द्यावयास आला होता. आम्ही कोणावर आरोप केला नाही. पोलिसांस कळविले नाही. फक्त दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेच्या शिक्षिकेस सांगितले की, त्या मुलास यापुढे पुस्तकांसाठी वर पाठवू नये, पुस्तके खालीच द्यावीत. कौन्सिलच्या सदस्यांविषयी वा फुलांच्या बाईंविषयी असे काही सांगावे, हे आमच्या मनातदेखील आले नाही. चार दिवसांनी मुलगा येईनासा झाला. आम्ही त्याच्या पालावर गेलो, तेव्हा त्याची आई भांडी घाशीत होती. ती हात न थांबविता म्हणाली, "फादर, तुमी त्याला काय बी बोलला न्हाई. तवाच त्याला कळलं."

पाकीट सापडले नाही. कोणी नेले हे आजही ठाऊक नाही.

ही हकीकत आम्ही एका धर्मबंधूस सांगितली, तेव्हा त्यांनी विचारले, "आणि खरेच त्यानेच घेतले असेल तर?" हा प्रश्न आम्हीही स्वतःस विचारला होता, आणि तो विचारताना मनास थोडे बरे वाटले होते, हे कबूल करतो. पण कोशातील शब्द या पळवाटेस दाद देत नाही. मुलगा चोर निघाला असता तरी आमचा निकाल ऐकण्यापूर्वीचाच होता; जुगाऱ्याचा आकडा लागला म्हणून त्यास गणिती म्हणत नाहीत. संत थॉमस अक्वायनस यांनी संशयाची तीन मुळे सांगितली आहेत: स्वतःचे पाप, दुसऱ्याविषयीची अढी, आणि दीर्घ अनुभव. म्हातारी माणसे अधिक संशयी असतात, हे ॲरिस्टॉटलचे मत ते तेथे उद्धृत करतात. पन्नाशी उलटलेल्या, पुष्कळ खण उघडे सापडलेल्या धर्मगुरूने तिसरे मूळ नीट पाहून ठेवावे. संदेह असेल तेथे चांगला अर्थ लावावा, असे ते पुढे सांगतात. असे करणारा पुष्कळदा फसेल, या आक्षेपास त्यांचे उत्तर आहे की, वाइटास चांगले समजून वारंवार फसणे हे चांगल्यास वाईट समजून क्वचित चुकण्यापेक्षा बरे. मात्र हेच थॉमस सांगतात की, अपायावर उपाय योजताना वाइटात वाईट गृहीत धरण्यास हरकत नाही. म्हणजे खणास कुलूप घालावयास मोकळीक होती. कुलूप तिघांसाठीही लागले असते. आम्ही कुलूप लावले नाही. एक मुलगा खाली ठेवला.

तेव्हा त्या मुलीस उत्तर मिळाले. त्या दुपारी खण रिकामा दिसताच आमच्या मनात मुलाचा चेहरा प्रथम आला, ते चव्हाट्याने भरविलेले होते. ते आम्ही निवडले नव्हते आणि त्याचा पूर्ण जाब कदाचित आम्हांस द्यावा लागणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षिकेस बोलावून आम्ही जे सांगितले, ते आम्ही निवडले होते. मधे एक रात्र होती. त्या रात्री मुलास बोलावून विचारता आले असते. तिघांनाही विचारता आले असते.

पापनिवेदन झाले, ते त्या गुप्ततेतच राहील. पण कॅथलिक नीतिशास्त्राप्रमाणे चोरलेले धन जसे परत करावे लागते, तसे हिरावलेले नावही. आम्ही तर एक शब्दही बोललो नव्हतो. न बोललेली बदनामी परत कशी घ्यावी? अखेर अभ्यासिकेच्या शिक्षिकांची बैठक बोलाविली आणि आमच्याकडून काय झाले ते सर्व सांगितले. मुलाविरुद्ध कसलाही पुरावा नव्हता आणि नाही, हेही स्पष्ट केले. पुन्हा पालावर गेलो तेव्हा तेथे पाल नव्हते. कुटुंब कल्याणकडे गेल्याचे शेजारच्या चहावाल्याने सांगितले. कल्याण मोठे आहे. दोनदा जाऊन आलो.

बैठकीनंतर एक शिक्षिका मागे थांबल्या. वीस वर्षे निष्ठेने सेवा करणाऱ्या, मनाने मृदू. त्यांनी हळूच विचारले, "फादर, तुम्ही मोठ्या मनाने त्याला पाठीशी घालता, ते समजले. पण मग पैसे घेतले तरी कोणी?"